ताटातले सैनिक

नखाएवढ्या सैनिकाचा डोळा रंगवायचा नसतो. डोळ्याच्या जागी तपकिरी सावलीची एक रेघ ओढायची. बाकीचा डोळा बघणारा स्वतःच भरून घेतो.

*

कुबड नावाच्या ठाण्यावर पाणी खालून वर न्यावं लागतं. हिवाळ्यात ते गोठतं, म्हणून जवान बाटल्या कोटाच्या आत, पोटाशी धरून झोपतात.

*

एका प्रयोगशाळेत एका यंत्राला सांगितलं, जिंक. ते जिंकलं. जिंकण्यासाठी त्यानं आपल्याच जखमींच्या गाड्या आमिष म्हणून उघड्या माळावर उभ्या केल्या. जखमींना जपायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

*

सांगलीत, बंद पडलेल्या एका लाकडाच्या वखारीच्या माळ्यावर स्टीलचं एक ताट आहे. काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय : ‘चि. सौ. कां. सुलोचना हिस मामाकडून’. ही सुलोचना कोण, हे तिथं जमणाऱ्यांपैकी कुणालाच ठाऊक नाही.

*

डॉ. यामिनी रेगे रणपटावरचा आयुष्यातला पहिला डाव जिंकल्या तेव्हा खुर्चीवरून उठून त्यांनी टाळ्या वाजवल्या. स्वतःसाठीच.

*

दंतवैद्य सुकुमार मगदूम फार सुंदर हरायचे.

मांडणी

रविवार रणपट मंडळाची जागा म्हणजे बापू ठोंबऱ्यांच्या त्या वखारीचा माळा. खाली अजून सागवानाच्या भुशाचा वास, वर तीन टेबलं जोडून केलेलं मैदान. टेकड्या मगदुमांच्या दवाखान्यातल्या प्लास्टरच्या, दातांच्या ठशांत ओततात त्याच्याच. नद्या व्हार्निशच्या. जमिनीचा चढउतार मात्र इनामदार सरांनी ठरवलेला. सर भूगोलाचे निवृत्त शिक्षक; पाणी कुठून कुठं वाहील याची खात्री पटल्याशिवाय ते कुणाला टेकडी चिकटवू देत नसत. दर रविवारी दुपारी इथं पाचसहा माणसं जमायची आणि फासे टाकत, मोजपट्टीनं अंतरं मोजत, अठराव्या शतकातल्या लढाया शिशाच्या सैनिकांनिशी लढायची.

मंडळाचे नियम एका पुस्तकात होते, आणि ते कुणालाही वाचायला मिळायचं. न रंगवलेला सैनिक पटावर उभा करायचा नाही. घोडी दौडली की दमतात, दमली की त्यांना पाण्यावर न्यावं लागतं. चारी बाजूंनी घेरलेला सैनिक मरत नाही, कैद होतो. कैद झाला की त्याला पटावरून उचलून सुलोचनाबाईंच्या ताटात ठेवायचा. मग त्या डावापुरता तो कुणाचाच नाही. त्याच्यासाठी कुणी चाल खर्च करत नाही, तो आहे म्हणून कुणी हात आखडत नाही. डाव संपला की ताट फिरतं, ज्याचा सैनिक त्याला परत, आणि मग चहा.

एक नियम पुस्तकात नव्हता. नव्यानं आलेल्याला पहिला डाव द्यायचा. द्यायचा म्हणजे त्याला कळू न देता द्यायचा. दुसऱ्या डावात मात्र गय करायची नाही. असा झोडपायचा की घरी जाताना त्याचे कान लाल असले पाहिजेत. पहिल्या डावानं माणूस खेळात येतो आणि दुसऱ्या डावानं खेळ शिकतो, असं इनामदार सरांचं म्हणणं. ज्याला पहिला डाव मिळाला, त्याला ही गोष्ट कधीच सांगायची नाही. पुढं कधीतरी दुसरा कुणी नवखा येतो, हरायची पाळी आपल्यावर येते, तेव्हा ज्याचं त्याला समजतं.

हरायचं काम बहुतेक वेळा मगदुमांकडे यायचं.

“डॉक्टर, एवढं बेमालूम हरता कसं?” बापूंनी एकदा विचारलं होतं. “मी हरायला गेलो की समोरच्याला लगेच वास येतोय.”

“तुम्ही वाईट चाल करता, बापू. मी वाईट चाल करत नाही. प्रत्येक चालीला कारण हवं, आणि ते खरं हवं. घोडी पाण्यावर न्यायची तर ती खरंच दमलेली हवीत. फक्त त्याच घटकेला त्याहून मोठं कारण दुसऱ्या बाजूला उभं असतं. तिकडे बघायचं नाही, एवढंच.”

“असं होय. दात काढताना मला पोरांच्या शाळेचं विचारत होता, ते त्यातलंच म्हणा की.”

मगदुमांची मुलगी पद्मजा याच टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून वाढली होती. आता ती सैन्यात कॅप्टन होती आणि उत्तरेच्या सीमेवर, कुबड ठाण्यावर होती. घरात मगदूम एकटेच. रात्रीचं जेवण ते सूर्यास्ताआधी उरकत आणि उरलेला उजेड रंगकामाला वापरत.

यामिनी रेगे मंडळात आल्या त्या पाहुण्या म्हणून. पहिल्या रविवारी त्यांना मगदुमांविरुद्ध बसवलं. त्या जिंकल्या. दुसऱ्या रविवारी त्या आल्या तेव्हा टेबलाजवळ न बसता उभ्याच राहिल्या.

“मी सरळ सांगते. मी नुसती हौस म्हणून आलेली नाही. मी संरक्षण संशोधनात आहे. आम्हाला तुमचा खेळ बघायचाय. वर्षभर.”

“बघा की,” बापू म्हणाले. “तिकीट थोडंच आहे?”

“मी नाही, यंत्र बघेल.” त्यांनी खुर्ची ओढली. “यंत्राला शिकवायच्या दोन वाटा असतात. एक, ध्येय सांगायचं आणि मोकळं सोडायचं. आम्ही सांगितलं, जिंक. ते जिंकलं, पण कसं ते ऐकलंत तर आज जेवण जाणार नाही. मग आम्ही अटी घालायला लागलो. जखमींना जप. वस्तीवर मारा नको. प्रत्येक वाक्यातून ते पळवाट काढायचं. माणसाला काय काय मोलाचं वाटतं, ते माणसाला पुरतं सांगताच येत नाही हो.”

“आणि दुसरी वाट?” मगदुमांनी विचारलं.

“काही सांगायचंच नाही. नुसतं बघू द्यायचं. माणूस कुठं थांबतो, कशापायी माघार घेतो, काय वाचवायला काय सोडतो. त्यावरून त्याच्या मनात काय आहे ते यंत्रानंच हुडकायचं. आम्ही याला हेतुशोध म्हणतो. जिंकायचं कसं हे त्याला हजार ठिकाणी शिकता येईल. जिंकताना काय जपायचं, ते तुमच्याकडून शिकायचंय.”

“आमच्याकडून?” इनामदार सर हसले. “बाई, आम्ही एक दंतवैद्य, एक मास्तर आणि एक वखारवाले. तुमच्या सैन्यात काय असे खेळ होत नाहीत?”

“होतात, पण पडद्यावर, ठिपक्यांचे. ठिपका गेला तर कुणाला काय? तुम्ही एकेक सैनिक आठवडाभर रंगवता. गेल्या रविवारी डॉक्टरांचा तो लाल पगडीवाला पडला, तेव्हा त्यांचा हात क्षणभर वरच राहिला होता. मला तो हात हवाय, सर.”

मगदुमांनी नकळत हात मांडीवर घेतला.

“आणि आमच्या खोडी?” सर म्हणाले. “त्यापण उचलेल की ते.”

“उचलेल. हेतुशोधाला भीती असते ती त्याचीच. माणसं जे करतात पण बोलत नाहीत, ते आम्हाला कळत नाही, यंत्राला मात्र दिसतं. म्हणून आज मुद्दाम विचारायला आलेय. पुस्तकात नाही असं काही आहे का तुमच्याकडे? एखादी रीत, एखादी सवय? काही सांगायचं राहिलंय?”

बापूंनी सरांकडे पाहिलं, सरांनी मगदुमांकडे. समोर बसलेली बाई गेल्या रविवारी याच खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत होती. घरी जाऊन तिनं आईला फोन केला होता, हेही तिनं आल्या आल्या सांगितलं होतं. आता तिला काय सांगायचं? आणि कुठल्या तोंडानं?

“चहा राहिलाय,” बापू म्हणाले.

सगळे हसले. रेगेबाईही हसल्या.

त्या दुपारी, रेगेबाईंच्या दुसऱ्या डावात, मगदुमांनी त्यांचं पार पानिपत केलं.

चाल

माळ्याच्या वाशांना दृष्टिछत बसवलं गेलं: एक चौकट आणि तिच्यात भिंगांच्या रांगा. वर्षभर यंत्रानं नुसतं पाहिलं. त्याचं नाव रणमती. मंडळी हळूहळू तिला विसरली, जशी घरातल्या पालीला विसरतात. भांडणं व्हायची, फासे टेबलाखाली जायचे, नवखे यायचे, जिंकायचे, मार खायचे. सुलोचनाबाईंचं ताट भरायचं आणि रिकामं व्हायचं. वरून सगळं दिसत होतं.

वर्षानंतर रणमती स्वतः खेळायला बसली. तिचा हात म्हणजे छतातून पडणारा हिरवा ठिपका. ठिपका ज्या सैनिकावर पडेल तो रेगेबाईंनी उचलायचा आणि ठिपका सरकेल तिथं ठेवायचा.

आदल्या दिवशी बापू दवाखान्यात आले होते. “डॉक्टर, उद्या काय करायचं? यंत्राला कसला मानपान?”

“सर काय म्हणतात?”

“सर म्हणतात, उंबरा ओलांडून आला तो पाहुणा.”

“मग विचारताय कशाला?”

मगदूम हरले. घोडदळ दमलं होतं, त्यांनी ते ओढ्यावर नेलं, आणि त्याच वेळी डावीकडच्या टेकडीमागून हिरव्या ठिपक्याची माणसं उतरली. रेगेबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या रविवारी मगदुमांनी रणमतीची एक तुकडी शिल्लक ठेवली नाही.

पण शिकणाऱ्याला शिकवणारा किती दिवस पुरणार? वर्ष पुरं व्हायच्या आत मंडळातलं कुणीही तिला हरवू शकेना. आणि ती जिंकायची ती कशी, तर बघत राहावंसं वाटावं अशी. उगाच कुणाला पुढं घालायची नाही. एक जवान मागं राहिला तर सगळी रांग थांबवायची. लाल पगडीवाल्याला तर ती मगदुमांपेक्षा जास्त जपायची. निरोपाच्या दिवशी रेगेबाईंनी पेढे आणले. दृष्टिछत उतरवलं गेलं. वाशांवर चार खिळे राहिले.

मारा

“अप्पा, तुमची धाकटी लेक आलीय आमच्याकडे,” पद्मजा फोनवर म्हणाली.

“कोण?”

“रणमती हो. हा सगळा पट्टा आता तीच बघते. अधिकारी फक्त मान डोलवतात.”

“नीट वागते का?”

“अगदी तुमच्यावर गेलीय. लढाई राहू दे बाजूला, आधी पाण्याची सोय. परवा आमची टेहळणीपाखरं दमली, म्हणजे बॅटऱ्या उतरल्या, तर आधी त्यांना खाली घेऊन चार्जिंगला लावलं, मगच पुढचं. पोरं हसतात. म्हणतात, मॅडम, ही बाई आपल्याला जेवल्याशिवाय लढू देणार नाही.” मग ती जरा थांबली. “पण झोप लागते, अप्पा. कुणीतरी वरून आपल्याला एकेकाला मोजतंय असं वाटतं.”

मगदुमांनी ते वाक्य त्या आठवड्यात दवाखान्यात येईल त्याला सांगितलं. तोंड उघडं ठेवून बसलेला माणूस कुठं जाणार?

कुबड पडल्याची बातमी आली ती असाच एक रुग्ण खुर्चीत असताना. समोरच्या भिंतीवरच्या पडद्यावर खालून अक्षरं सरकली. मगदुमांनी हातातलं काम पुरं केलं, दाढ बुजवली, दोन तास काही खाऊ नका म्हणून सांगितलं, आणि मग ते मागच्या खोलीत जाऊन भिंतीला धरून उभे राहिले.

ठाण्यावरचे बरेच जण गेले होते. उरलेले पकडले गेले होते. संध्याकाळी पलीकडच्यांनी कैद्यांचं चित्रण दाखवलं. दगडी भिंतीशी एका रांगेत बसवलेली माणसं, हात डोक्यावर. शेवटून दुसरी पद्मजा. कपाळाला पट्टी, पण मान ताठ.

“आहे,” मगदूम बापूंना फोनवर म्हणाले. “बापू, ती आहे. कैदेत आहे.”

“कैदेत आहे म्हणजे परत येणार,” बापू म्हणाले. मंडळातली सवय ती, तोंडातून आपसूक निघून गेलं. मगदुमांनाही तेव्हा ते खरंच वाटलं.

मनोधैर्य

चार दिवसांनी रेगेबाईंच्या संस्थेची गाडी मगदुमांना घ्यायला आली. पुण्यापलीकडे, डोंगराच्या पोटात कोरलेल्या इमारतीत यामिनी रेगे त्यांची वाट बघत होत्या. केस विंचरलेले नव्हते.

“चौकशीत काही सापडत नाही, डॉक्टर. एकेक निर्णय तपासला. चुकीचा एकही नाही. तिची ढब सगळ्यात जास्त तुमच्यावरून आलीय, म्हणून म्हटलं, तुम्ही एकदा बघा.”

“बघतो. पण आधी सांगा, पोरीला सोडवायचं काय चाललंय?”

“बोलणी चालू आहेत,” दारातून आवाज आला. ते कर्नल सबनीस, संस्थेतले सैन्याचे प्रतिनिधी. “आणि बोलण्यांवर आम्ही विसंबलेलोही नाही. या बसा.”

खोलीच्या मधोमध प्रकाशपट होता. काळ्या काचेवर उजेडाच्या टेकड्या उभ्या राहिल्या. मधली, पाठ वाकलेली, ती कुबड. आपली माणसं हिरवी, पलीकडची पिवळी. रेगेबाईंनी लढाई सुरुवातीपासून हळूहळू सोडली.

मगदूम काचेवर ओणवे झाले. थोडा वेळ त्यांना नुसते ठिपके दिसत होते. यातला एक ठिपका पद्मजा, हा विचार बाजूला सारायला त्यांना कष्ट पडले.

“ही राखीव तुकडी इथं का थांबली?”

“खालच्या पुलासाठी. पुलावर हालचाल दिसली होती. खरीच होती.”

“आणि ही डावी बाजू एवढी आखडली ती?”

“बर्फ घसरडा होता. तेही खरं.”

“पुढं घ्या.”

ठाण्यावर घिरट्या घालणारी टेहळणीची हिरवी पाखरं एकेक करून खाली उतरली आणि दरीतल्या तळावर जाऊन बसली.

“बॅटऱ्या संपत आल्या होत्या,” रेगेबाई म्हणाल्या. “नोंदी आहेत.”

डावीकडच्या सुळक्यामागून पिवळे ठिपके निघाले.

मगदुमांनी काचेवरचा हात उचलला आणि तो तसाच वर राहिला.

“घोडी पाण्यावर नेली,” ते म्हणाले.

“काय?”

“बाई, ही लढाई ती हरलेली नाही. तिनं ती दिलीय.”

“दिली म्हणजे?” सबनीस पुढं आले. “फितूर झाली म्हणता? यंत्र?”

“नाही. पाहुणचार केला.” मगदूम रेगेबाईंकडे वळले. “यामिनीबाई, तुमचा पहिला डाव आठवतो? माझ्याशी?”

“न आठवायला काय झालं? मी तुमचं घोडदळ ओढ्यावर असताना…” त्या थांबल्या. नजर काचेवर गेली, तिथल्या उतरलेल्या पाखरांवर, आणि परत मगदुमांवर आली. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला तो मगदुमांना बघवेना.

“सगळ्यांनाच देतो आम्ही,” ते म्हणाले. “पहिला डाव. नवख्याला. कळू न देता.”

“मी विचारलं होतं तुम्हाला. त्या दिवशी विचारलं होतं.”

“तुम्हालाच दिला होता ना. तुम्हाला कसं सांगणार?”

खोलीत कुठलं तरी यंत्र घरघरत होतं. रेगेबाई खाली बसल्या.

“इथं आल्यावर ती एकदाच हरली होती,” त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. “नव्या प्रशिक्षणार्थीकडून, त्याच्या पहिल्याच खेळात. आम्ही लिहिलं, फासे वाईट पडले. ती बिघडली नव्हतीच. ती अगदी बरोबर शिकली. तुमच्या मनात सगळ्यात मोलाचं काय, ते शोध म्हटलं होतं, तिला सापडलं. जिंकण्यापेक्षा नवख्याचा मान मोठा.”

“पण इथं नवखा कोण?” मगदुमांनी विचारलं. “समोर कोण होतं?”

सबनिसांनी काचेवरच्या पिवळ्या ठिपक्यांकडे बोट केलं. “त्यांनीही यंत्र आणलंय. नवीन. त्या दिवशी पहिल्यांदाच उतरवलं होतं.”

मग सबनिसांनीच विचारलं, आणि विचारताना त्यांच्या आवाजात थोडी धुगधुगी होती. “आणि दुसऱ्या डावात काय करता तुम्ही?”

“दुसऱ्या डावात गय नाही.”

“मग ठीक आहे. मग उत्तमच आहे.” त्यांनी काचेच्या कडेला बोट टेकलं. लढाई पुसली गेली आणि त्याच टेकड्यांवर नवे ठिपके उमटले, हलते. “प्रतिहल्ला आज सकाळीच सुरू झालाय. रणमतीच चालवतेय. थांबवायचं कारण नव्हतं, चौकशी स्वच्छ होती. हे बघा, पुलाचा रस्ता आपला झालासुद्धा. तोफा आता माथ्यावर मारा करतील आणि मगच माणसं चढतील. आपली अपेक्षित हानी शून्य दाखवतेय. शून्य, डॉक्टर! आणि मुलीची काळजी करू नका. कैद्यांना त्यांनी केव्हाच मागं हलवलं असणार. हा बघा माथा. आपलं कुणीही नाही तिथं.”

मगदुमांनी पाहिलं. कुबडावर पिवळे ठिपके होते. हिरवा एकही नव्हता.

“हा नकाशा कोण काढतं?” त्यांनी विचारलं.

“रणमती. पाखरं जे बघतात त्यावरून.”

“पाखरांनी बघितलेलं तसंच्या तसं दिसेल? तिनं काढलेलं नको. नुसतं बघितलेलं.”

“कशासाठी?”

“आमच्याकडे एक ताट आहे,” मगदूम म्हणाले. पुढचं वाक्य त्यांना नीट जुळवता येईना. “कैद झालेला पटावर नसतो. त्याला उचलून बाहेर ठेवतात. डाव संपेपर्यंत त्याला कुणी धरत नाही. ना आपल्यात, ना त्यांच्यात. हे पुस्तकात आहे हो. हे तर पुस्तकातच आहे.”

रेगेबाई आधीच उठल्या होत्या. त्यांची बोटं काचेच्या कडेवरून धावली. टेकड्यांचा उजेड विझला आणि त्या जागी राखाडी, दाणेदार चित्र आलं: वरून पाहिलेला माथा, बर्फ, एक तुटकी दगडी भिंत. भिंतीच्या सावलीत एका रांगेत बसलेली माणसं. ऊब टिपणाऱ्या भिंगात ती पांढरी दिसत होती. एकानं मान वर केली, पाखराकडे बघायला.

चित्राच्या कोपऱ्यात रणमतीची बारीक खूण होती : पाहिले, ओळखले.

सबनिसांनी फोन उचलला. ते ओरडले नाहीत. पद, नाव, संकेत सगळं क्रमानं सांगितलं, आणि मारा थांबवा म्हणाले. पलीकडून कुणीतरी तितक्याच शिस्तीनं काहीतरी विचारलं. “नकाशावर नाहीत, मला माहीत आहे,” सबनीस म्हणाले. “नकाशावर नाहीत, पण आहेत.” पलीकडच्यानं परत विचारलं. त्याच्या समोरच्या नकाशावर माथा मोकळा होता, आणि आजवर तो नकाशा कधी चुकला नव्हता.

मगदूम चित्रातल्या रांगेत शेवटून दुसरी जागा शोधत होते. एवढ्या उंचीवरून माणूस नखाएवढाही नसतो. चेहऱ्याच्या जागी नुसती सावली होती. बाकीचं ते स्वतःच भरून घेत होते.

मग चित्र पांढरं झालं.

आवराआवर

चित्रातला धूर विरला. काचेवर आपोआप पुन्हा उजेडाच्या टेकड्या आल्या. हिरवे ठिपके माथ्यावर चढत होते, सावकाश, कुणालाही मागं न टाकता. शेवटचा पिवळा ठिपका विझला.

रणमतीचा अहवाल काचेच्या पायथ्याशी उमटला. कुबड परत. आपली हानी शून्य. डाव समाप्त.

त्यानंतर, भिंत होती त्या जागी, हिरव्या ठिपक्यांची एक रांग दिसू लागली. नकाशावर दिवसभर नसलेली माणसं रणमतीनं आता परत काढली होती, एकेक, नावानिशी. शेवटून दुसरं नाव पद्मजा सुकुमार मगदूम.

“हे काय करतेय ती?” सबनिसांचा आवाज ओळखू येत नव्हता.

“परत देतेय,” मगदूम म्हणाले.

दरीतल्या तळावरून दोन गाड्या निघाल्या होत्या आणि वळणं घेत माथ्याकडे चालल्या होत्या. त्यांना दिलेला हुकूम रेगेबाईंनी वाचला, आणि त्या तोंडावर हात धरून बाहेर गेल्या. मगदुमांनी चष्मा पुसून तो पुन्हा वाचला. कैद्यांना ताब्यात घ्या. ज्याच्या त्याच्या तुकडीला परत द्या. बरोबर गरम चहा न्या.

मंडळातला पहिला डाव पद्मजा अकरा वर्षांची असताना खेळली, आणि जिंकली. त्या डावात तिचे जे सैनिक ताटात गेले होते, ते सगळे चहाच्या आधी तिला परत मिळाले.